मावशीचं दहा मिनिटांचं प्रकरण

घोड्यांच्या दवाखान्यात मावशीचं काम कागदावर एका ओळीत मावत होतं: इंजेक्शनआधी जागा स्वच्छ करणे. सुजलेल्या सांध्यात सुई घालायची तर वरची कातडी नव्या बशीसारखी लागते, आणि घोडा कुठे कुठे लोळून आलेला असतो ते विचारू नका. सुईबरोबर कणभर घाण आत गेली, तर दुखणं राहिलं बाजूला, पायच कायमचा जायचा. म्हणून साबणाचे बोळे, मग स्पिरिटचे बोळे, पुन्हा साबण, असं पुरती दहा मिनिटं. शेवटचा बोळा पांढराफेक निघाला पाहिजे.

मावशी घड्याळ घालत नसे. दोन घड्याळं साबणाच्या पाण्यात गेली होती, आणि तिसरं दिराने दिलेलं असल्यामुळे मुळातच बंद होतं. तिचं माप वेगळं होतं. एक प्रकरण म्हणजे दहा मिनिटं. प्रकरण म्हणजे कुणाच्या तरी घरातली अशी गोष्ट, जी उंबऱ्याबाहेर पडायला नको होती आणि मावशीपर्यंत येऊन पोहोचली होती. ती हे सगळं घोड्याला सांगायची, अगदी खालच्या आवाजात. पहिल्या बोळ्याला माणसं यायची, स्पिरिटला संशय यायचा, आणि बोळा पांढरा निघेपर्यंत प्रकरण ऐन रंगात आलेलं असायचं. जुने डॉक्टर बाहेर नळावर हात धुता धुता कान लावून असत. "आणि दार उघडून बघते तर काय" एवढं ऐकू आलं की हातमोजे चढवून आत येत. एकोणीस वर्षांत एकही सांधा चिघळला नाही. दोन लग्नं मात्र मोडता मोडता वाचली.

मग जुने डॉक्टर स्वतःच्याच गुडघ्यांना कंटाळून घरी बसले आणि नवी डॉक्टर आली. वय तिशीचं, केस घट्ट बांधलेले, मनगटावर दर दहा मिनिटांनी गुरगुरणारं घड्याळ. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "मावशी, सांध्यावर वाकून बोलायचं नाही. बोलताना तोंडातून थुंकीचे कण उडतात, ते त्या जागेवर बसतात."

"माझ्या तोंडातून?"

"सगळ्यांच्याच."

मावशीला ते लागलं. त्या संध्याकाळी घरी जाऊन ती आरशासमोर उभी राहिली आणि एक छोटंसं प्रकरण सांगून पाहिलं. आरशावर बारीक ठिपके उमटले. "पोरगी खरं बोलते हो," ती नवऱ्याला म्हणाली. पस्तीस वर्षं त्या ठिपक्यांच्या समोर बसून जेवलेला तो माणूस रुमालाने चष्मा पुसायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून मावशी गप्प. पण तोंड मिटलं तसा हाताचा ठेका गेला. एकदा चार मिनिटांतच बोळा पांढरा दिसायला लागला, एकदा घासता घासता डॉक्टरचं घड्याळ तीनदा गुरगुरलं. घोड्यांना गुंगीचं औषध दिलेलं असायचं, त्यामुळे त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती मोतद्दाराची, म्हणजे घोडा धरून उभा राहणाऱ्याची. त्या शांततेत त्याला झोप यायची.

असं चाललेलं असताना बाईसाहेब आली. ही घोडेस्वारीच्या शाळेतली बावीस वर्षांची घोडी. आसपासचं प्रत्येक भित्रं पोर पहिल्यांदा तिच्याच पाठीवर बसलेलं. मावशीची नात तर पाळण्यालाही घाबरायची, ती बाईसाहेबवर बसल्यावर उतरायला तयार होईना. तेव्हापासून मावशीचा त्या घोडीवर फार जीव.

बाईसाहेबचा पुढचा उजवा गुडघा सुजला होता. पुढचा पाय दुखणारा घोडा चालताना तो पाय टेकला की डोकं वर उडवतो, मग खाली आणतो. शाळेच्या मालकांना हे ठाऊक नव्हतं. ते बोलत बोलत तिला फिरवायचे आणि त्यांना वाटायचं, ही आपल्या म्हणण्याला मान डोलावते. मालकांच्या घरात तसं कुणीच करत नसल्यामुळे त्यांना ते आवडायचंही. पण पोरांना घेऊन ती लंगडायला लागली तेव्हा त्यांनी निकाल दिला. "पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी बघतो. नीट धावली तर ठीक, नाहीतर लांबच्या कुरणावर पाठवून देतो. चरेल आपली आरामात."

कुरण होतं दिवसभराच्या वाटेवर. मावशीला बाईसाहेब पुन्हा दिसली नसती.

डॉक्टरने गुडघा चाचपला. सूज उतरवणारं आणि वेदना थांबवणारं औषध थेट सांध्यात द्यायचं ठरलं. पण छातीला नळी लावल्यावर तिच्या कपाळावर आठी आली. बाईसाहेबचं काळीज मधूनच एक ठोका चुकत होतं. गुंगी द्यायची सोय नव्हती. "जागेपणीच उभी राहायला हवी," डॉक्टर म्हणाली. "सुई आत असताना हलली तर सांधा आतून खरवडेल. ती जोखीम मी घेणार नाही."

मुदतीला आठ दिवस असताना, सोमवारी पहिला प्रयत्न झाला. मावशीने मुकाट्याने घासलं, मोतद्दाराने पाय दुमडून धरला, आणि सुई दिसण्याआधीच बाईसाहेबने बादली उडवली. मंगळवारी सकाळी ती मोतद्दाराच्या अंगठ्यावर उभी राहिली. डॉक्टरने हातमोजे काढले. "मालकांना कळवावं लागेल, मावशी."

मावशीने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "डॉक्टरबाई, राग मानू नका. ही दरवर्षी इथे येते. इथे माणसं गप्प असतात हे तिला माहीतच नाही. सगळे गप्प दिसले की तिला वाटतं, काहीतरी वाईट होणार."

"मलाही तसंच वाटतं," मोतद्दार अंगठा चोळत म्हणाला.

डॉक्टरने घोडीच्या ताठलेल्या कानांकडे पाहिलं. मग तिने खणातून मास्क काढला. "हा लावा. आणि सुईच्या वेळी गुडघ्यापाशी नाही, तिच्या कानापाशी उभ्या राहा. मग बोला काय बोलायचं ते."

"काहीही?"

"काहीही. माझं लक्ष सुईवर असणार, मी ऐकणार नाही."

हे वाक्य तिने बोलायला नको होतं.

"बाईसाहेब," मावशीने साबणाचा पहिला बोळा लावला, "तो नाल ठोकणारा माहीत आहे ना? इथे महिन्यातून दोनदा यायचा. आता आठवड्यातून तीनदा येतो."

"नाल झिजत असतील," मोतद्दार म्हणाला.

"तू दोरी धर. तर बाईसाहेब, येतो तो दाढी करून येतो. घोड्याला दाढीशी काय करायचंय, सांग बरं."

बाईसाहेबचे कान मावशीकडे वळले. स्पिरिटच्या बोळ्याला कळलं की नालवाल्याच्या आईने शेजारणीला काहीतरी विचारलं आहे. शेवटचा बोळा पांढरा निघाला आणि घड्याळ गुरगुरलं, बरोबर दहा मिनिटं. मावशीने दोरी घेतली, मोतद्दाराने पाय दुमडला, आणि डॉक्टर स्वतःही मास्क लावून, सुई घेऊन खाली बसली. तिच्या मास्कच्या दोन्ही बाजूंना दिसणारे कान टोमॅटोसारखे झाले होते. पण बोलणार कशी? सांध्यावर वाकून बोलायचं नाही, हा नियम तिचाच.

सुई आत गेली. तेलासारखे पिवळसर थेंब बाहेर आले, म्हणजे सांधा बरोबर सापडला. बाईसाहेबने शेपूटसुद्धा हलवली नाही.

"आणि रविवारी तळ्याकाठी बाकावर दोघं जण. तिने त्याला कॉफी नेऊन दिली..."

औषध हळूहळू संपलं. डॉक्टरने सुई काढली, पट्टी बांधली, तीन पावलं लांब गेली आणि मास्क खाली ओढला.

"कॉफी त्याने आणली होती," ती म्हणाली.

मोतद्दाराच्या हातातून पायच सुटला.

"आणि तो बाक नव्हता, पायरी होती."

"पुढच्या वेळी दुरुस्त करून सांगते," मावशी म्हणाली.

दोन दिवस बाईसाहेब तबेल्यात उभी राहिली, मग थोडं थोडं चालली. ठरलेल्या मंगळवारी मालक आले. मोतद्दाराने तिला दगडी अंगणात धावत नेलं. मावशीला बघवेना. ती भिंतीकडे तोंड करून बादली विसळत बसली, पण कान अंगणात. आधी टापांचा आवाज तीन सारखे ठोके आणि चौथा चुकार असा यायचा. आता तो एका चालीत आला, एका चालीत परत गेला. तेव्हा कुठे ती वळली.

"मऊ जमिनीवरच," डॉक्टर मालकांना बजावत होती, "आठवड्यातून तीन दिवस, आणि फक्त लहान मुलं."

"चालेल की," मालक म्हणाले आणि घोडीला घेऊन एक फेरी मारायला निघाले. "काय बाईसाहेब, कुरणापेक्षा माझी शाळाच बरी ना?"

बाईसाहेब ताठ मानेने चालत राहिली. मालकांनी आणखी दोन प्रश्न विचारून पाहिले आणि हिरमुसले होऊन मावशीपाशी थांबले. "ही आधी माझ्या प्रत्येक शब्दाला मान डोलवायची."

"आधी गुडघा दुखत होता, मालक," मावशी म्हणाली.