मितानचं नाव

माझ्या बाबांचं नाव त्यांच्या मितानने कधी घेतलं नव्हतं. छत्तीसगढात दोन माणसं मितान बांधतात, म्हणजे सगळ्या गावासमोर नारळाची अदलाबदल करतात, एकमेकांना टिळा लावतात आणि दोस्तीला नात्याचा दर्जा देतात. त्यानंतर एकमेकांचं नाव तोंडातून काढायचं नाही, फक्त 'मितान' म्हणायचं. जात आडवी येत नाही. आम्ही भंडाऱ्याकडून आलेले, बुद्धवंदना म्हणणारे. ते इथलेच शेतकरी, रामायण मंडळीत झांज वाजवणारे. दोघं रेल्वेत एकाच गँगमध्ये रूळ तपासत फिरायचे आणि तिथेच त्यांचं जमलं. माझे आजोबा गेले तेव्हा आमच्यात मुंडण करत नाहीत, तरी मितानने आपल्या रीतीप्रमाणे डोकं भादरून घेतलं, आणि बाबा डोकंभर केस घेऊन त्यांच्या शेजारी बसले. आलेले पाहुणे सांत्वन करायला आधी मितानकडेच जात होते. मी त्यांना फूलददा म्हणते. बापाच्या मितानला मुलांनी असंच म्हणायचं असतं.

निवृत्तीनंतर बाबांनी शहरात घर घेतलं नाही. सिलतराच्या कारखान्यांच्या धुरापलीकडे मितानचं गाव आहे, तिथे त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून जागा घेतली आणि बांधलं. आईला तिथली शांतता आवडायची. ती गेली तीही त्याच घरात. मी रायपुरात, तात्यापाऱ्यात राहते, रोज नवा रायपुरला सरकारी नोकरीला जाते, आणि दर रविवारी बाबांकडे. गेले की बाबा चिडवायचे, "तुमच्या शहरात कुलपालेई कुलूप लावा लागते. इथं पाहा, दाराले कडी कुठं हाये ते मलेच मालूम नाई."

ते खरंच होतं. आता नाही.

हे सगळं एका दिवसात झालं असतं तर मला इतका राग आला नसता. आधी रस्ता रुंद झाला, तेव्हा सगळे खूश. मग कारखान्यांचे ट्रक रांगेने उभे राहू लागले, मग ढाबा आला, ढाब्याशेजारी पानठेला आला, आणि पानठेल्यावर पानाशिवायही काहीतरी मिळतं हे पोराटोरांपासून सगळ्यांना कळलं. गांजाच्या पुड्या, नशेच्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. गावात सरकारी पैशाने बांधलेला सिमेंटचा रंगमंच आहे. तिथे रामायण मंडळी बसायची, नाचा, म्हणजे इथलं लोकनाट्य, व्हायचा. त्याच्या मागच्या भिंतीला विक्री सुरू झाली. मंडळीने काय केलं? भजन एका घराच्या अंगणात हलवलं आणि कारण सांगितलं की अंगणात आवाज चांगला घुमतो. सरपंच म्हणायचे, ऊपर बोल दिया है. वर कोणाला, ते कधी कळलं नाही. विकणारी तीन पोरं गावातलीच होती, बापासकट सगळ्यांच्या ओळखीची, पण गाव त्यांच्याबद्दल बोलताना 'वो मन', म्हणजे 'ते लोक', एवढंच म्हणायचं. मितानने मितानचं नाव घेऊ नये ही रीत मला समजते. अख्ख्या गावाने त्या तिघांशी मितान बांधल्यासारखं का वागावं, हे मला आजही समजत नाही.

बाबांचा स्वभाव माझ्यासारखाच, किंवा माझा त्यांच्यासारखा. गप्प बसणं जमत नाही. एका सकाळी ते पोतं घेऊन रंगमंचामागे गेले, पडलेल्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या आणि रंगमंचावर ओळीने मांडून ठेवल्या, बक्षीस समारंभात कप मांडतात तशा. गाव बघेल, लाजेल, काहीतरी करेल, असा त्यांचा हिशेब. गावाने बघितलं. बोरिंगवर पाणी भरणाऱ्या बाया बघून हसल्या, दोन-चार जणांनी मोबाईलवर फोटो काढले. मग ती तिघं आली. एकाच्या हातात मोटारसायकलला लावायची साखळी होती. बाबांच्या हातावर ती बसली तेव्हा बोरिंगवरच्या बाया अर्धवट भरलेल्या बादल्या उचलून घरी गेल्या. रंगमंचाच्या पायरीवर फूलददा बसले होते. फक्त ते मध्ये पडले, आणि ढकलले गेले.

मनगट मोडलं. प्लास्टर घातल्यावर बाबा म्हणाले, "उजवा हात हाये ना शाबूत, रडून काहून राहिली?" मी रडत नव्हते, माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मी त्यांना आणि फूलददांना गाडीत घातलं आणि ठाण्यावर नेलं.

रिपोर्ट लिहायलाच त्यांनी खूप वेळ घालवला. साहेब दौऱ्यावर होते. जो हवालदार होता त्याने आधी बाबांना समजावून पाहिलं की म्हातारपणी कशाला या भानगडी. मी माझ्या कार्यालयाचं नाव घेतलं तेव्हा खुर्ची मिळाली. ते मला आवडलं नाही, पण बसले. मग साक्षीदाराची पाळी आली. साक्षीदार एकच होता. बाकी गावाला त्या सकाळी अचानक काही दिसलं नव्हतं.

हवालदाराने मोबाईल पुढे धरला. बयान आता रेकॉर्ड करतात म्हणे. "बाबा, किसने मारा, नाम बोलो."

फूलददांनी तिघांची नावं घेतली. बापाच्या नावासकट, पाऱ्यासकट, म्हणजे मोहल्ल्यासकट, कोणाच्या हातात साखळी होती त्यासकट. आवाज जराही हलला नाही. जी नावं घेताना सरपंचाची जीभ अडखळायची, ती या माणसाने हजेरी घ्यावी तशी घेतली. मी बाबांकडे पाहिलं. बाबा खूश होते.

"और किसको मारा?"

"मोर मितान ल." माझ्या मितानला.

"मितान नाम नहीं होता, बाबा. नाम बोलो."

"मितान हरे. नाव नइ लेवंव." माझा मितान आहे, नाव घेणार नाही.

मी म्हटलं, नाव मी सांगते, रिपोर्टमध्ये लिहिलेलंच आहे, जखमी माणूस समोर प्लास्टर घालून बसलाय. हवालदार म्हणाला, साक्षीदाराच्या तोंडून यायला पाहिजे, नाहीतर उद्या समोरचा वकील विचारेल, कौन सा मितान? बयान तिथेच पडेल. फूलददांनी बाबांकडे बोट दाखवलं. बोट चालणार नाही म्हणाला. मी भांडले. हा माणूस इथलाच होता, घरी छत्तीसगढीच बोलत असणार, मितान म्हणजे काय हे त्याला मी शिकवायची गरज नव्हती. तो उलट मलाच हळू आवाजात म्हणाला, "दीदी, मैं क्या समझता नहीं? पर केस में मितान नहीं चलता."

बाबा म्हणाले, "चाल, उठ. राहू दे रिपोर्ट."

आणि इथे फूलददा उठले. त्यांना कळत होतं की रिपोर्ट पडला तर उद्या बाबांना त्या वाटेने चालता येणार नाही. त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान धरले, बाबांकडे बघितलं, आणि बाबांचं नाव घेतलं. आडनावासकट. हळू, एकेक अक्षर सुटं करून, कारण त्या तोंडाला त्याची सवय नव्हती. बाबा खाली आपल्या प्लास्टरकडे बघत बसले.

हवालदाराने मोबाईल कानाला लावला, मग तोंडासमोर धरला, मग म्हणाला, "अरे, मेमरी फुल थी. रिकॉर्ड नहीं हुआ. एक बार फिर से."

त्या क्षणी मी तो मोबाईल भिंतीवर आपटला असता. फूलददांनी परत कान धरले आणि परत नाव घेतलं.

एवढं करून काय झालं ते सांगते. पोलीस गावात आले तेव्हा रंगमंचामागे एक गोळी सापडली नाही, एक पुडी नाही. बाटल्याही कोणीतरी झाडून नेल्या होत्या. गाव स्वच्छ ठेवायची एरवी कोणाला इतकी हौस नाही. उरला तो मारामारीचा किरकोळ मामला. तिघांना नेलं, आणि बाबांचं प्लास्टर निघायच्या आत तिघं जामिनावर सुटून परत आले. एक नवीन मोटारसायकलवर आला.

त्यांनी बाबांना पुन्हा हात लावला नाही. त्यांनी याहून हलकट गोष्ट केली. ठाण्यात काय झालं ते त्यांना कुठून कळलं देव जाणे, पण फूलददा रस्त्याने दिसले की ते बाबांचं नाव घेऊन हाका मारायला लागले. "कइसे बबा, मितान के नाव का हे?" मग नाव, मग हसणं. लहान पोरांनीही ते उचललं. फूलददा आधी मान खाली घालून जायचे. मग त्यांनी तो रस्ता सोडला. मग बाबांकडे येणंच सोडलं. सकाळचा चहा दोघं आमच्या ओट्यावर घेत आले होते. आता बाबा दोन कप मांडायचे आणि दुसरा थंड झाला की मोरीत ओतायचे. बोलावलं तर फूलददांच्या सुनेचा निरोप यायचा की बरं वाटत नाही.

मी बाबांना म्हटलं, "चाला माझ्याकडं. काय ठेवलं हाये आता इथं?"

"मितान," बाबा म्हणाले. एवढंच.

शेवटी त्यांनीच तोड काढली. नाव घेतल्याने नातं मोडलं असेल तर पुन्हा बांधू. ते नारळ घेऊन फूलददांच्या दारात जाऊन बसले आणि म्हणाले, तू बाहेर येईपर्यंत उठणार नाही. तेव्हा कुठे फूलददा बाहेर आले. मितान बांधताना गाव बोलवायचं असतं, गावच साक्षी असतं. म्हणून रविवारी संध्याकाळचं ठरलं. कोतवार, म्हणजे गावात दवंडी देणारा माणूस, त्यालाही सांगितलं. तो हव हव म्हणाला आणि दवंडी द्यायची विसरला. मग मी स्वतः घरोघर गेले. सगळे म्हणाले, येतो, येतो. पहिल्या वेळी, बाबा सांगतात, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

कोणी आलं नाही. ऊन उतरलं, चटया अंथरलेल्या तशाच राहिल्या. गल्लीतली दारं, ज्यांच्या कड्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या, आतून लावलेली होती. त्यांच्यामागे माणसं होती. टीव्हीचे आवाज येत होते. मला प्रत्येक दार वाजवून शिव्या द्याव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी मला त्यांची भीतीही कळत होती, म्हणून जास्तच चीड येत होती.

"साक्षीले तू हाये ना," बाबा म्हणाले. "बस झालं."

दोघांनी नारळ बदलले. बाबांच्या उजव्या हातात नारळ होता आणि डावा नीट वळत नव्हता, म्हणून फूलददांनी स्वतःच आपलं कपाळ त्यांच्या अंगठ्याखाली नेलं. तेवढ्यात रस्त्यावरून मोटारसायकल गेली आणि बाबांच्या नावाची हाक आली, मोठ्याने, लांबवून. फूलददांचा हात थांबला. मग त्यांनी बाबांच्या कपाळावर टिळा पुरा केला आणि म्हणाले, "सीताराम, मितान."

"जय भीम, मितान," बाबा म्हणाले.

फूलददा आता पुन्हा सकाळी ओट्यावर येतात, मागच्या शेतातून, लांबचा वळसा घालून. रंगमंचामागे विक्री चालूच आहे.

हे लिहिताना मी बाबांचं नाव कुठेही घातलं नाही. ते रस्त्यावर पुरेसं ओरडलं गेलंय. त्या तिघांची नावं मला पाठ आहेत, बापाच्या नावासकट, पाऱ्यासकट. ती लिहायचीच असं ठरवून मी बसले होते. दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली, कारण बाबा अजून त्याच गावात राहतात.