समुद्र ओलांडण्याआधीची बाग

नागपूरच्या विमानतळावर आई मला सोडायला आली ती ड्युटीवरून थेट. पांढरी साडी, पायात हॉस्पिटलच्या चपला, केसांना अजून स्पिरिटचा वास. बाबा सकाळपासून माझ्याबरोबर होते. बॅग उचलत होते, परत ठेवत होते, पासपोर्ट कुठल्या कप्प्यात आहे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आईनं आल्याआल्या माझं मनगट धरलं, सवयीनं नाडीवर बोटं ठेवली आणि म्हणाली, "पोचलीस की आधी जेव, मग फोन कर." बाबांना ते पटलं नाही. फोन आधी, असं त्यांचं म्हणणं. दारापर्यंत दोघांचा तोच वाद चालला होता. मी आत जाऊन मागे वळून पाहिलं तर ते माझ्याकडे न बघता एकमेकांशीच तावातावानं बोलत होते. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, रडण्यापेक्षा त्यांना ते सोपं गेलं असेल.

त्यानंतरची वर्षं तुमच्यापैकी जे इकडे अमेरिकेत आलात त्यांना सांगायला नको. मास्टर्स झालं, जर्सी सिटीत चौघींनी मिळून घेतलेला फ्लॅट, सकाळची ट्रेन, मॅनहॅटन, संध्याकाळची ट्रेन. मिलिंदशी लग्न झालं आणि आम्ही पार्सिपनीला गेलो. तिथं आमची मुलगी मैत्री जन्मली. मग त्याच्या कंपनीनं टेक्ससला शिफ्ट केलं म्हणून फ्रिस्को. दर वेळी नवं घर लावताना मला वाटायचं, एवढं झालं की जरा बसता येईल. बसणं काही झालं नाही. जे तिकडे राहिलात त्यांना आमचे फोटो दिसतात, आणि फोटोत आम्ही हसतो, तेव्हा तुमची काही चूक नाही.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी नागपूरला होते, पण लॅपटॉप घेऊन. एका खोलीत ते झोपलेले आणि शेजारच्या खोलीत माझ्या मीटिंगा. ते गेले, आणि वर्षभरात आईचा उजवा हात थरथरायला लागला.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत तिला कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे 'सिस्टर' म्हणतात. वस्तीतल्या अर्ध्याअधिक पोरांना पहिली सुई तिच्या हातची. रडणारं पोर असो की हात झटकणारा म्हातारा, ती बोलता बोलता सुई टोचून मोकळी व्हायची. तो हात आता ती ओढणीखाली ठेवायला लागली होती. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मी तिला इकडे घेऊन आले. ग्रीन कार्डचं करू, नागपूरचं घर विकून टाकू, आता तू आमच्याकडेच राहा, असं मीच बोलत गेले आणि ती हो म्हणत गेली. दलालानं घराला गिऱ्हाईकही आणलं. आईनं शेवटचा होकार द्यायचा तेवढा बाकी होता.

फ्रिस्कोत ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळे गेल्यावर काय करायची ते मला नीट माहीत नाही. महिन्यातून एकदा आम्ही महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमतो. वंदना होते, मग प्रत्येकानं आणलेलं जेवण. सुरुवातीला आई उत्साहानं यायची. पण वंदनेला हात जोडले की दोन्ही हात मिळून थरथरायचे आणि शेजारची काकू काळजीनं बघायची. मग ती मागच्या रांगेत बसायला लागली, मग आज गुडघा दुखतो म्हणायला लागली. जेवताना तिचा चमचा हलला की मी पुढे होऊन धरायचे. स्वेटरची बटणं मी लावायचे. घोट घ्यायला ग्लास मी तिच्या ओठांशी न्यायचे. मला वाटायचं, यासाठीच तर आणलं तिला.

पक्ष्यांच्या बागेचं खूळ मैत्रीचं. टेक्ससच्या दक्षिण भागात, समुद्राकाठी, उष्ण देशांतले पक्षी सांभाळणारं एक ठिकाण आहे, आणि तिथं हमिंगबर्डना हातावर खाऊ घालता येतं, हे तिनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. मी दोनदा बुकिंग केलं आणि दोनदा ऑफिसच्या कामामुळे कॅन्सल केलं. सप्टेंबरात दुसऱ्यांदा कॅन्सल केल्यावर मैत्री रुसली नाही. नुसतं "इट्स ओके, आई" म्हणाली. ते ऐकून मी त्याच आठवड्याची सुट्टी टाकली. आईलाही जरा बरं वाटेल, बाहेर पडली की मनावर घेईल, असाही माझा हिशेब होता.

दिवसभराची ड्राइव्ह. मिलिंद गाडी चालवत होता, मी शेजारी बसून फोनवर ऑफिसच्या मेसेजना उत्तरं देत होते. मोटेलात मुक्काम केला आणि सकाळी तिथं पोचलो.

पुढच्या काचेच्या मोठ्या दालनात दमट ऊब होती, केळीची झाडं होती, आणि लोकांनी हौसेनं पाळून मग नकोसे झालेले मकाव, टूकन, कितीतरी पोपट. आईला ती हवा आवडली. भाद्रपदातल्या नागपूरसारखं उकडतं आहे, असं ती आनंदानं म्हणाली आणि तिनं गाडीतल्या एसीसाठी घातलेला स्वेटर काढून माझ्या हातात दिला. दालनाच्या मागे उघडी बाग होती, तिच्यापलीकडे समुद्र. हमिंगबर्ड तिथं होते. ते पाळलेले नव्हते. तिथली स्वयंसेवक, मोठी टोपी घातलेली एक वयस्क अमेरिकन बाई, आम्हाला सांगत होती की हे पक्षी उत्तरेकडून येतात, इथं थोडे दिवस पोटभर खातात आणि मग समुद्र ओलांडून मेक्सिकोकडे जातात. मध्ये टेकायला जमीन नाही, म्हणून इथंच काय ते खाऊन घ्यायचं.

मी आईला ते मराठीत सांगितलं. ती एका झुडपापाशी उभी राहून बघत होती. अंगठ्याएवढा जीव, पंख दिसतच नव्हते, नुसती हवा थरथरल्यासारखी वाटायची.

"आपला शिंजीर फांदीवर बसून मध पितो," ती म्हणाली. "याला बसायलाही फुरसत नाही. तुझ्यासारखं."

मी हसले, पण ते मला लागलं.

टोपीवालीनं प्रत्येकाला साखरपाण्याची एक इवलीशी लाल वाटी दिली. ती तळहातावर धरायची, हात पुढे करायचा आणि हलायचं नाही. मैत्री श्वास रोखून उभी राहिली. थोड्या वेळानं एक पक्षी आला, तिच्या बोटावर क्षणभर टेकला आणि प्यायला लागला. तिनं ओठ न हलवता कुजबुजल्यासारखं म्हटलं, "आजी, इट हॅज नो वेट." मिलिंदकडेही एक आला. माझ्या हाताशी आला तेव्हा माझ्या खिशातला फोन वाजला.

टोपीवाली आईकडे वाटी घेऊन गेली. आईनं मान हलवली. हात ओढणीखाली होता. बाईनं पुन्हा वाटी पुढे केली, तेव्हा नाही म्हणण्यासाठी आईचा तोच हात बाहेर आला आणि तिला तो थांबवता येईना. मी पुढे होऊन इंग्रजीत सांगणार होते की तिला त्रास आहे, तिला नको. पण त्याआधीच बाई वळली. तिनं फक्त समोरच्या झुडपाकडे बोट दाखवलं. समुद्रावरून वारा येत होता, लाल फुलांच्या काड्या एकसारख्या हेलकावत होत्या, आणि पक्षी त्या हलत्या फुलांतूनच पीत होते.

आई बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग तिनं वाटी घेतली.

साखरपाणी लगेच सांडलं, बोटांवरून मनगटावर ओघळलं. तिनं हात अंगाशी घेतला नाही. पुढे केला आणि तसाच ठेवला, थरथरता. एक पक्षी आला. हात खाली गेला की तो खाली जायचा, वर आला की वर, जणू तिचा हात तसाच असतो हे त्याला ठाऊक होतं. आईचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. वॉर्डातून दमून घरी येऊन पंख्याखाली बसल्यावर व्हायचा तसा तो झाला होता.

आणि मी काय केलं, तर सवयीनं पुढे गेले आणि खालून तिचं मनगट धरलं.

पक्षी उडून गेला.

"सोड," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी सोडलं. ती तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता काही यायचा नाही. बऱ्याच वेळानं तो आला, तोच की दुसरा कोण जाणे, आणि वाटीत उरलेलं सगळं पिऊन गेला.

नंतर मिलिंद आणि मैत्री पोपट बघायला आत गेले. आम्ही दोघी बाकावर बसलो. मी पिशवीतल्या पाण्यानं आणि रुमालानं तिचे चिकट हात पुसायला लागले, तर तिनं रुमाल माझ्याकडून घेतला आणि स्वतः पुसले. हळूहळू, एकेक बोट.

मग म्हणाली, "प्रज्ञा, घर विकायचं नाही. मी परत जाते."

मी तिला सगळं सांगितलं. तिथं कोण आहे, जिना आहे, बाथरूम निसरडं आहे, पडलीस तर काय. हे सगळं मी इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की तोंडपाठ झालं होतं.

"पडेन," ती म्हणाली. "वस्तीतले उचलतील."

"आणि मी इथं काय करायचं?"

तिनं रुमालाची घडी घातली. "मी घास घेते तेव्हा तू तुझा घास खाली ठेवते. मला दिसत नाही का? सगळं घर माझ्या हाताकडे बघून राहिलं आहे. तिथं माझा हात सगळ्यांनी पाहिला आहे. चांगला होता तेव्हापासून पाहिला आहे." मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो माझ्या पाठीवरही हलत होता. "तू थकली म्हणून मी जात नाही, बाई. मी थकली म्हणून जाते."

भांडायला माझ्यात त्राण नव्हतं. बरंच रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. खरं सांगायचं तर आधी अंगातून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं आणि मग त्याचं वाईट वाटलं. मी "बघू" म्हणाले. बाबा असंच म्हणायचे, आणि त्याचा अर्थ हो असाच असायचा, हे तिलाही माहीत होतं.

परतीच्या वाटेवर आई पुढच्या सीटवर बसली आणि लगेच झोपली. मागच्या सीटवर मैत्रीनं मला हळूच विचारलं, "इज आजी मॅड ॲट अस?" मी नाही म्हटलं. मग आजी परत चालली आहे हे सांगितलं. ती खिडकीकडे वळली. कापसाची शेतं गेली, पेट्रोल पंप गेले, पुन्हा कापसाची शेतं. शेवटी तिनं विचारलं की आजीचं घर कसं आहे. मला सांगता येईना. वरची खोली माझी होती एवढंच मी सांगितलं.

मिलिंदनं दलालाला नकार कळवला. तो मिलिंदवर वैतागला. डिसेंबरात मिलिंद आईला पोचवून आला. वरच्या खोलीत आईनं गडचिरोलीकडच्या दोन मुली ठेवल्या, नर्सिंगला शिकणाऱ्या. पुढच्या पावसाळ्यात ती पडलीच. बाथरूममध्ये, अगदी मी म्हटलं होतं तशी. मनगटाला प्लास्टर घातलं. मुलींनीच रिक्षानं दवाखान्यात नेलं, आणि मला दुसऱ्या दिवशी कळलं. फोनवर मी काही बोलायच्या आधी आईच म्हणाली, "पडले. उचललं." मी आठवडाभर नीट झोपले नाही. ती झोपत होती. हे दोन्ही खरं आहे, आणि यातलं कुठलं चूक होतं ते मला आजही ठरवता येत नाही.

यंदा मी एकटीच नागपूरला गेले. नेमकी कधी पोचेन ते सांगितलं नव्हतं. घराची घंटा वाजवली तर जाळीच्या दारामागे एक अनोळखी मुलगी. ओले केस, हातात कंगवा.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

बॅग हातात धरून मी उभीच राहिले. या दारात मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "सिस्टर आहेत का?"

आतून आईनं कोण आहे म्हणून विचारलं. कोणी पाहुण्या आहेत, बॅग आहे, असं मुलगी म्हणाली. आई भिंतीला धरून सावकाश आली. हात पूर्वीपेक्षा जास्त हलत होता आणि तो कशाखालीही नव्हता. तिनं मला पाहिलं, मग मुलीला म्हणाली, "माझी मुलगी. थोडे दिवस राहील. तुमच्या खोलीत नाही, माझ्यापाशी झोपेल."

मुलीनं दार उघडलं.

फ्रिस्कोचं घर आमच्या नावावर आहे. ते सांभाळता सांभाळता मी दमते, आणि मैत्रीला ते सोडून दुसरं घर माहीत नाही. नागपूरचं घर आईचं आहे, आता त्या मुलींचंही. तिथं मला माझी ओळख सांगावी लागते. 'घरी जाते' असं म्हणताना मी हल्ली जरा अडखळते. विमानात बसताना दोन्ही बाजूंना तेच म्हणते आणि दोन्हीकडे पोचल्यावर थोडी पाहुणी असते. तुमच्यापैकी कुणाला यावर काही सापडलं असेल तर मला सांगा. मी शोधणं थांबवलं आहे.

पण त्या दुपारी जेवण झाल्यावर मी आईच्या पलंगावर आडवी झाले आणि कितीतरी वर्षांनी दिवसाउजेडी झोपले. कुणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं होतं आणि स्वयंपाकघरातून कपबशीचा खडखडाट ऐकू येत होता. आई चहा घेऊन येत होती. एक पाऊल, खडखडाट, थांबणं, पुन्हा एक पाऊल. बशीत किती सांडलं असेल ते मला अंथरुणातूनच कळत होतं. मी उठले नाही. चहा येईपर्यंत तशीच पडून राहिले.