चादरीचा कोपरा

लग्नासाठीचा बायोडेटा मी स्वतःच टाइप केला होता. वडिलांच्या रकान्यात लिहिलं, ‘मर्चंट नेव्ही, निवृत्त अधिकारी’. बाबांनी चष्मा लावून कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. खरं तर ते प्रवासी बोटींवर केबिन स्टुअर्ड होते. लोकांच्या गाद्या घालायचे, बेसिनं घासायचे. पुण्यातल्या स्थळांना ते चालणार नाही, ही माझी अक्कल.

आई गेल्यावर गेल्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे जर्मनीत, ब्योब्लिंगेनला आले. “बाबांना जहाजांचं म्युझियम दाखवू, त्यांच्याच लाइनचं आहे,” म्हणून नवऱ्यानं हौसेनं उत्तरेकडच्या बंदराची तिकिटं काढली. खरं काय ते मी त्याला अजूनही सांगितलं नव्हतं.

तिथे दीडशे वर्षांपूर्वीच्या वाफेच्या बोटीतली फर्स्ट क्लासची केबिन मांडली होती. मखमली सोफा, भिंतीत मिटणारं बेसिन, उशाशी नोकराला बोलवायची घंटा. नवरा पाटीवरचं जर्मन वाचून सांगत होता, “जेवणानंतर दिवाणखान्यात पियानो... ऐश होती हो, बाबा! तुम्हा अधिकाऱ्यांनाही अशीच केबिन असायची ना?”

बाबांचं लक्ष बिछान्याकडे होतं. चादरीचा एक कोपरा सुटून लोंबत होता. समोर बांधलेल्या दोरीवरून वाकून त्यांनी एका हातानं गादी उचलली, कोपरा तिरका दुमडून आत सारला, वरून तळवा फिरवला. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

“बिटे निष्ट आनफासेन!” पहाऱ्यावरची बाई ओरडली. हात लावू नका.

बाबा झटकन मागे सरले आणि हात पाठीशी बांधून, मान खाली घालून उभे राहिले. त्यांना असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना.

“आजोबा, वो हास्ट डू दास गेलेर्न्ट?” आमच्या लेकीनं विचारलं.

“कुठे शिकलात म्हणतेय,” नवरा म्हणाला. त्यालाही उत्तर हवं होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायचं मलाच होतं, आणि एक वाक्य पुरलं असतं. मी पाटी वाचू लागले.

“तुझ्या आजीनं शिकवलं,” बाबा हसून लेकीला म्हणाले. “घरी गाद्या मीच घालायचो ना.”

लेकीला ते पटलं. मला मात्र रडू आवरेना. आईची आठवण आली असेल असं वाटून नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तोही समज मी तसाच राहू दिला.