मार्थाबाईंनी न घेतलेला चहा

“मी आमचं कापड परत घेऊन जाते,” म्हणत मार्थाबाई उठल्या, तेव्हा माझ्या हातात किटली तशीच होती.

२००६ साल असेल. लंडनच्या एका छोट्या म्युझियममध्ये मी प्रदर्शनं मांडायचं काम करायचे. विषय होता सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं बंड. इंग्रजांनी चहावर कर लादला, तेव्हा तिथल्या लोकांनी चहा सोडला, विलायती कापड सोडलं आणि बायका घरी सूत कातायला बसल्या. तसलं एक जाडंभरडं कापड मार्थाबाईंच्या घराण्यात होतं. ते आम्ही लोनवर घेतलं होतं. लोन म्हणजे बँकेचं नव्हे. दुसऱ्याची वस्तू प्रदर्शनापुरती मागून आणायची. कापडासोबत त्या स्वतः अमेरिकेहून आल्या होत्या. उद्या ओपनिंग. कापड गेलं की आमच्याकडे उरणार नुसत्या किटल्या!

झालं असं, की माझ्या बॉसनं, पीटरनं, त्यांना चहा विचारला. त्या नको म्हणाल्या. पीटर गप्प बसला. मी पुण्याची असते तर मीही बसले असते. पण पडले नागपूरची! “अहो, अर्धा कप तरी घ्याच,” म्हणत मी ओतायलाच लागले.

“आमच्या घरात त्या बंडापासून कुणी चहा प्यायलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही टी-सेट मधोमध मांडलात, आमचं कापड कोपऱ्यात!”

पीटर पुटपुटला, “इतकी वर्षं? चहावर राग?”

मला मात्र पटलं. माझ्या आजोबांनी विलायती कोट होळीत टाकला तो टाकलाच. नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा अंगावर जाड खादी. हे मी त्यांना सांगितलं. त्या खाली बसल्या.

“मग तुमच्याकडे चहा कसा चालतो?”

“कापड सोडलं हो आजोबांनी. चहा सोडवेना!”

बाई खळखळून हसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

“पीटर, टी-सेट काढूया?”

“आत्ता? सगळं लाइटिंग बदलावं लागेल.”

“बदलू की!”

कुरकुरत का होईना, पीटर शिडीवर चढला. कापड मधोमध आलं. शेजारी टी-सेटमधला एकच कप ठेवला, पालथा. म्हणजे चहा नको! मार्थाबाई त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, गरम पाण्यात लिंबू पिळून पीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होती. आयडिया आपलीच, असं पीटर सगळ्यांना सांगत होता. सांगू दे बापडा.

आग्रह मी अजूनही करते. पण समोरच्यानं कप पालथा घातलाय का, ते आधी बघते.