तिची साक्ष, माझं तेलुगू

मला चार भाषा येतात, याचा मला बरीच वर्षं माज होता. आदिलाबादच्या नोकरदार मराठी घरातली मुलगी. शाळा तेलुगूत, बाजारात हिंदी, आणि वडिलांच्या कचेरीतल्या दरखास्ती ऐकून ऐकून थोडी उर्दूही. पुढे हैदराबादेत बायकांच्या आरोग्यासाठी झगडणाऱ्या एका संस्थेत लागले आणि काही वर्षांत राज्य पातळीवरचं धोरणाचं सगळं काम माझ्याकडे आलं. निवेदनं लिहायची, आमदारांना गाठायचं, आरोग्य खात्याशी भांडायचं. भांडण्यात मी पटाईत. आई म्हणायची, हिच्या तोंडाला लागण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. ती हे कौतुकानं म्हणते, असं मी धरून चालले होते.

तेव्हा आंध्र प्रदेश एकच होता आणि खेड्यांत बायकांच्या ऑपरेशनचे कॅम्प लागायचे. मूल बंद करायचं ऑपरेशन, पण गावात त्याला नुसतं 'ऑपरेशन' म्हणत. नर्सबाईंना आकडा ठरवून दिलेला असे. शाळेच्या खोलीत बायका ओळीनं जमिनीवर झोपवलेल्या, आणि डॉक्टरांची जीप गेली की टाके पाहायला कुणी फिरकत नसे. असे कॅम्प बंद करा, ही आमची मागणी होती. ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बाईच्या शरीराचा निर्णय बाईचाच'. ती ओळ माझी. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते मुद्दाम सांगायचे.

शेवटी खात्यानं एक समिती बसवली आणि ती पाच बायकांचं म्हणणं ऐकायला तयार झाली. आदिलाबादकडची बाई शोधायचं काम अर्थातच माझं. तामसीकडच्या एका गावात ती मला सापडली, कापूस वेचताना. तिशीची असेल. कॅम्पातून आल्यावर टाका पिकला, कित्येक दिवस ताप होता, असं तिनं सांगितलं. माझ्या हातातल्या कागदावर तीन रकाने होते: जबरदस्ती, माहिती दिली नाही, नंतर त्रास. मी तिसऱ्यात खूण केली आणि कागद पिशवीत घातला. कॅम्पाला ती कशी गेली, हे मी विचारलंच नाही. साक्ष चांगली मिळाली, एवढ्यावरच मी खूश होते.

तिच्या सासूला मी सांगितलं, टाका पिकल्याची तक्रार साहेबांपुढे मांडायला हिला नेतेय. सासूनं सोबत भाकरी बांधून दिल्या.  गाडीत ती म्हणाली, "ताई, तिथं खरं सांगतलं त चालते न?"

"खरंच सांगायचंय."

"घरी नाई न कळनार?"

"तुमचं नाव कुठंही येणार नाही," मी म्हटलं.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच एका अधिकाऱ्यानं आम्हाला सुनावलं होतं, की बायका आपल्या पायांनी कॅम्पाला येतात, जबरदस्ती फक्त संस्थावाल्यांना दिसते. मी आतून उकळत होते. दुपारी हिची पाळी आली. ती मराठीत बोलणार आणि मी तेलुगूत सांगणार, असं ठरलं होतं. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि एका दमात बोलली.

"मले कोनी ओढून नेलं नाई. दोन पोरी, एक पोरगा झाला, मले बस झालं होतं. सासू नाई म्हने, मालक नाई म्हने. म्हून शेंगा इकाले चालली असं सांगतलं आन् कॅम्पाले गेली. घरी येऊन म्हनलं, नर्सबाईनं बळजबरी नेलं. ते खोटं होतं. आज पयल्यांदा खरं सांगून राह्यली. ऑपरेशन बंद नका करू, साहेब, नीट करा. जागा साफ ठेवा, दुसऱ्या दिसी टाका पाहाले कोनी पाठवा. माही धाकटी जाऊ वाट पाहून राह्यली."

ती थांबली. सगळे माझ्याकडे पाहत होते. समोर तो सकाळचा अधिकारी पेन हातात धरून बसला होता. हिचं जसंच्या तसं सांगितलं असतं तर तो हसला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं. खोलीत आम्हा दोघींशिवाय कुणाला मराठी येत नव्हती.

मी चांगल्या ठसठशीत तेलुगूत सांगितलं, की हिला काही न समजावता कॅम्पाला नेलं, हिची मर्जी कुणी विचारली नाही, टाका पिकला तरी कुणी आलं नाही, आणि असे कॅम्प ताबडतोब बंद करावेत ही हिची मागणी आहे.

तो अधिकारी मान खाली घालून लिहू लागला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला हलकेच हसून दाद दिली. ते हसू मी अजून विसरले नाही.

पुढे ती साक्ष आमच्या अहवालात छापली गेली. खात्याचं पत्र निघालं आणि सोयी नसलेल्या भागांतले कॅम्प बंद झाले. ऑफिसात पेढे वाटले. माझी पाठ थोपटली गेली आणि मीही ती थोपटून घेतली. मनात कधी खुट्ट झालंच, तर मी स्वतःला समजवायचे: तिच्या भल्यासाठीच केलं, घरी कळलं असतं तर तिचे हाल झाले असते. कॅम्प वाईट होते, याबद्दल मला आजही शंका नाही. पण तिचं भलं त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. मला त्या माणसाला हरवायचं होतं.

वर्षभरानं मी अहवाल घेऊन तिच्या गावी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. आपण केलेलं मोठं काम तिला दाखवावं, एवढीच हौस. अंगणात सासू बसली होती. धाकटी जाऊ पाण्याची कळशी घेऊन आली, ती पोटुशी. सातवा तरी असावा.

"हे चौथं," सासू म्हणाली. "बरं झालं, कॅम्प बंद झाले."

जाऊ कळशी घेऊन आत गेली. माझ्या हातातला अहवाल पाहून सासूनं विचारलं, "आमच्या सुनंचं काय लिवलं हाय, बाई? वाचून दाखवा न."

माझी साक्षीदार दारात उभी होती. आता खरं सांगावं तर तिचा घात, आणि खोटं सांगावं तर तिच्या देखत पुन्हा तेच. मी तेलुगू पानावर बोट ठेवलं आणि मराठीत सांगितलं, की हिला बळजबरीनं नेलं होतं.

"पाहा!" सासू म्हणाली. "मी म्हनतच होती. माही सून तशी नाई." आणि तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितला.

 मी निघाले तेव्हा ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. बस यायची होती. ती म्हणाली, "ताई, घरी मी जे खोटं सांगतलं होतं, तेच तुमी तिथं सांगतलं. काऊन?"

मला आधी कळेना, हिला हे कळलं कसं.

"तेलगू येते न मले," ती म्हणाली. "कापूस इकाले जातो त सारा बजार तेलगूत. तुमी त आदिलाबादच्याच. तुमाले नाई मालूम?"

मला मालूम होतं. त्याच बाजारावरून मी शाळेत जायचे. सीमेवरच्या गावांतल्या बायका व्यापाऱ्याशी तेलुगूत हुज्जत घालताना मी रोज ऐकलं होतं. पण हैदराबादेत राहून मला सगळी गावं मुकी वाटायला लागली होती.

"मग तुम्ही तिथंच का नाही बोललात?"

"तुमी येवढ्या मोठ्या लोकायसमोर उभ्या. चारचौघात तुमाले खोटं पाडू का मी?" ती जराशी हसली. त्या हसण्यात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. 

"जावंचं त आता होऊन गेलं," ती म्हणाली. "पन गावात आखीन बाया हायेत. मले अजून एक डाव हैद्राबादले न्या. या खेपी तुमी नका बोलू. मीच सांगतो, तेलगूत."

बस आली. मी खिडकीतून तिला म्हटलं, "हो, नेते."

पुढच्या वर्षी पुन्हा सुनावणी झाली. आदिलाबादकडची बाई आणायचं काम माझ्याकडेच होतं. मी गुडीहत्नूरकडची दुसरी बाई नेली. तिला तेलुगू येत नाही, एवढी खात्री मी आधी करून घेतली होती.