गडी नव्हे, भाडेकरू

"हा आमचा गडी. ह्याचा बापबी वडीगोद्रीला आमच्याच शेतावर सालगडी होता. खोली फुकट दिलीय."

मालक हे बोलला तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभा होतो. त्याचं वय माझ्या मुलाएवढं. मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. जालन्यात त्याच्या खोल्यांपैकी एकीत कित्येक वर्षं भाड्यानं राहत होतो. भाडं कधी चुकवलं नव्हतं.

समोर कोर्टानं नेमलेले रिसीव्हर होते. मालकाचा ट्रकांचा धंदा बुडाला होता आणि त्यानं नादारीचा अर्ज केला होता. अशा वेळी भाड्याच्या खोल्या कोर्टाच्या ताब्यात जातात. त्यांचं भाडंही जातं, आणि त्यातून ज्यांचं देणं आहे त्यांना वाटा मिळतो. त्याच्या ड्रायव्हरांचे पगार थकले होते, त्यांनाही मिळाला असता. खोल्यांतून काही येतच नाही असं दाखवलं, की भाडं गुपचूप याच्या खिशात.

"खरंय का, बाबा?" रिसीव्हरांनी विचारलं.

मी मान हलवली.

आदल्या दिवशी मालक म्हणाला होता, निम्मं भाडं माफ, बाकीचं हातात दे. लालूच होती, नाकारत नाही. पण मान त्याच्याही आधी हलली. बापाची हलायची तशीच.

शेजारच्या खोलीत शेवंताबाई भाड्यानं राहायची. एकटी बाई, पापड लाटून विकायची. तीही तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मीबी कामालाच हाय इथं."

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई दारात. "गडी सांगितलंय, मंग गडी दिसाया नको का? कोर्टाचे लोक चकरा मारून राह्यले. सकाळी अंगण झाडत जा."

मी झाडत गेलो. शेवंताबाई त्यांची भांडी घासायची. एकदा म्हणाली, "तात्या, सोंग बराबर जमून राह्यलं आपलं. बिदागी कोण देणार?" मी हसलो. हसायला नको होतं.

मग मालकाच्या मेव्हण्याला खोली हवी झाली. शेवंताबाईचं पोळपाट, पिठाचे डबे, अंथरूण, सगळं बाहेर. ती म्हणाली, "मी भाडं भरते." मालक हसला.

"कामवाली अन् भाडं? साहेबापुढं काय बोल्लीस तू?"

तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

"तुमचं बघून बोलले मी, तात्या. तुमी शिकलेले म्हणून."

ती तीर्थपुरीला लेकीकडं गेली. दारात उडदाचं पीठ सांडलं होतं. मालकीणबाई म्हणाली, "ए गडी, तेवढं झाडून घे."

"मी गडी न्हाई. भाडेकरू हाय."

"तुझा बाप..." मालक सुरू झाला.

"बाप होता. मी न्हाई."

आवाज मोठा नव्हता. मोठ्या आवाजाइतका दम उरलेला नाही.

त्याच दिवशी रिसीव्हरांकडं गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाडेकरूला असं उचलून बाहेर काढता येत नाही, बाबा. फुकट राहणाऱ्या गड्याला काढता येतं. तुम्ही दोघांनी आपल्या तोंडानं हक्क सोडला. आता खोटं बोलल्याचं तुमच्यावरही येईल. आणि वाचवलेलं भाडं इथं भरावं लागेल."

"भरतो," म्हणालो.

कोर्टात साक्षीला चला म्हणायला तीर्थपुरीलाही गेलो. शेवंताबाईनं पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

"आता कशाला आले? माझी खोली गेली, गिऱ्हाईक गेलं. तुमचं मन हलकं कराया मी कोर्टात येऊ?"

पाण्याचं भांडं खाली ठेवलं. परतीच्या गाडीत बसलो.

ती येवो न येवो. मी खोटं का बोललो आणि त्या खोट्यावर कुणाचं घर मोडलं, ते भरल्या कोर्टात सांगणार. शिक्षा झाली तर भोगीन. माझी खोली गेली तर जाईल. पण शेवंताबाई तिथं भाडेकरू होती, हे लिहून घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.