पान ठेवायचं की उडवायचं?

ज्ञानकोशातली एक ओळ ठेवायची की उडवायची, यावर आम्ही कधीकधी पंधरा-पंधरा दिवस भांडतो. ओळ शेवटी उडते, भांडण मात्र डोक्यात राहतं. अशी इतकी भांडणं साठलीत, की "तुम्ही तिथं करता तरी काय?" असं कुणी विचारलं, तर आता मी नियम सांगत बसत नाही. किस्साच सांगते.

आम्ही म्हणजे तिघं. मी पूर्णेच्या एका वाचनालयात ग्रंथपाल. जाधव सर भूगोल शिकवून रिटायर झालेले. आणि गजानन, रेल्वेत सिग्नलचं काम करतो. इंटरनेटवरच्या या मराठी ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं, कुणीही खोडू शकतं. आम्ही परभणी जिल्ह्याची पानं बघतो. रविवारी सकाळी वाचनालयात लॅपटॉप उघडून बसतो. तिघांत गजानन सगळ्यात कडक. समोरचा काहीही म्हणाला, तरी त्याचा प्रश्न एकच. "संदर्भ?"

*

एका होतकरू पुढाऱ्याचं पान गजाननने काढायला लावलं. पुढच्याच रविवारी पुढाऱ्याचा कार्यकर्ता पिशवी घेऊन वाचनालयात हजर!

"आमच्या सायबाचं पान कुनी उडवलं? हे घ्या पेपर. चौदा कात्रणं हायत!"

गजाननने एकेक कात्रण उलगडून बघितलं. चौदाच्या चौदा वाढदिवसाच्या शुभेच्छा.

"अहो, ह्या जाहिराती हायत. तुमीच छापून आणलेल्या."

"मग? पावत्या बी हायत की! याच्याहून पक्का पुरावा कोन्ता असतो?"

*

कुठल्याशा लांबच्या शहरातला, ज्ञानकोशात लिहिणारा एक संपादक आमच्या जवळच्या 'चुडावा' गावाचं 'चूडावा' करायचा. जाधव सर पुन्हा ऱ्हस्व करायचे. तो पुन्हा दीर्घ. असं आठवडाभर चाललं.

शेवटी सर पॅसेंजरने चुडाव्याला गेले, स्टेशनच्या पाटीचा फोटो काढला आणि त्या पानाच्या चर्चेत टाकला. खाली लिहिलं, "मी स्वतः तिथे उभा राहून हे वाचले आहे."

तासाभरात उत्तर आलं : "आपण तिथे उभे होता, यास संदर्भ द्यावा."

सरांनी दोन दिवस लॅपटॉपला हात लावला नाही.

*

सात कवितासंग्रह स्वतःच छापलेले एक कवी आहेत. त्यांचं पान तीनदा उडालं. ते तावातावाने माझ्याकडे आले. मी समजावलं, "काका, तुम्ही किती लिहिलंय याला इथं किंमत नाही. तुमच्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहायला हवं."

महिन्याभरात ते आठवं पुस्तक घेऊन आले. त्यांच्या कवितांची समीक्षा! लेखिकेच्या जागी त्यांच्या बायकोचं नाव.

मी म्हटलं, "काका, हे सगळं कौतुकच असणार ना?"

"न्हाई हो मॅडम! तिला माझी एक बी कविता आवडली न्हाई. वाचून तर बघा."

मी वाचलं. खरंच नव्हती आवडली.

*

माझीही फजिती सांगते. अगदी सुरुवातीला मी सोनपेठच्या आठवडी बाजाराबद्दल ऐकीव माहितीवर चार ओळी लिहिल्या होत्या. पुढे कधीतरी गजाननने त्यावर "संदर्भ हवा" अशी पाटी लावली. मी शोधलं, तर एका पेपरात तीच माहिती सापडली! मी खुशीत संदर्भ जोडला.

रात्री जेवताना आठवलं, त्या बातमीत 'बैलांचा'चं 'बैंलांचा' झालं होतं. तो अनुस्वार माझा होता. बातमीदाराने माझ्याच ओळी उचलल्या होत्या.

गजाननला सांगितलं. तो म्हणाला, "मंजी मॅडम, तुमी तुमचंच उष्टं ताटात वाढून घेतलं!"

*

सोजरआजीचं पान मीच लिहिलं होतं. आजी सोनपेठकडच्या एका खेड्यातली. तिकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर जातात. आजीची सगळी उमर तोडणीत गेली. दिवसभर मोळ्या बांधायच्या, आणि फडाशेजारच्या झोपड्यांमध्ये कुणी बाई अडली की तिचं बाळंतपण करायचं. अशी किती पोरं तिच्या हातून जन्मली, ते तिलाही सांगता येत नाही.

पान टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर पाटी : "उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. पान वगळावे." खाली नाव गजाननचं!

मी चिडले. "अरे, तुझ्या घरचेसुद्धा तोडीला जायचे ना?"

"जायचे की. पर हिच्याबद्दल कोन्त्या पेपरात आलंय? कोन्त्या पुस्तकात?"

कुठंच आलं नव्हतं. आठवडाभर मतं पडतात, मग निकाल. जाधव सर म्हणाले, "इथं भांडण्यापेक्षा जाऊन बघू. एखादं सन्मानपत्र तरी असेल."

गुरुवारी एसटीने गेलो. सन्मानपत्र नव्हतं. आजी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

गजाननने विचारलं, "आजी, तुमच्याबद्दल कुनी कुठं लिहून ठेवलंय का?"

"कोन लिव्हनार, बाबा? लिव्हनारं मानूस फडावर येतंय व्हय?" आजी त्याच्याकडे बघतच राहिली. "तू कोन्या गावचा?"

त्याने गाव सांगितलं.

"आयचं नाव?"

"गयाबाई."

आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "गयाबाईचा? अरं, मंजी पोत्यातला तू! लय थंडी व्हती. पांघराया कायबी न्हवतं. बैलाच्या पेंडीचं रिकामं पोतं झटकून त्यात गुंडाळला व्हता तुला."

गजाननला घरी अजून 'पोत्या' म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. का म्हणतात, हे त्यालाही त्याच दिवशी कळलं.

आजीने चहा दिला. निघताना तो तिच्या पाया पडला. तिने त्याच्या ओंजळीत शेंगदाणे ओतले.

परतीच्या एसटीत त्याने मोबाईल काढला. काहीतरी टाईप केलं आणि म्हणाला, "मॅडम, वगळायचं मत मागं घेतलं."

"पटलं ना शेवटी?"

"न्हाई. संदर्भ अजून बी न्हाई." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "पर घरच्या मानसाच्या पानावर मत द्यायचं न्हाई, असा नियम हाय."